पाऊस बेडकाने आणला का?

जून महिन्यातली एक रात्र डोळ्यांसमोर आणा. दिवसभर उकडून उकडून शेवटी संध्याकाळी पहिला मोठा पाऊस कोसळून गेला आहे. दिवे गेले आहेत. पागोळ्या अजून गळत आहेत. अशा वेळी घरामागच्या डबक्यातून एक आवाज उठतो. थोडा वेळ तो एकटाच असतो. मग पलीकडून दुसरा त्याला उत्तर देतो, मग तिसरा येतो, आणि पाहता पाहता असा गलका माजतो की घरातल्या घरात बोललेले ऐकू येऊ नये. काल याच जागी जमिनीला भेगा पडल्या होत्या. मग हे एवढे बेडूक एका रात्रीत आले कुठून?

हा प्रश्न माणसाला फार जुन्या काळापासून पडत आला आहे. ज्यांची एकमेकांशी कधी गाठभेट झाली नाही अशा देशोदेशींच्या लोकांनी त्याला आपापली उत्तरे दिली, आणि ती उत्तरे गोष्टींच्या रूपाने आपल्यापर्यंत आली. त्यांतल्या काही गोष्टी आज पाहू. तुम्ही म्हणाल, भौतिकशास्त्राच्या मास्तरांना बेडकाशी काय कर्तव्य? पण बेडकाचे आमच्या शास्त्रावर जुने उपकार आहेत. इटलीतल्या बोलोन्या गावी गॅल्व्हानी नावाच्या शास्त्रज्ञाने मेलेल्या बेडकाचा पाय दोन निरनिराळ्या धातूंच्या स्पर्शाने झटकताना पाहिला आणि १७९१ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. हा झटका बेडकातल्या विजेचा की धातूंच्या जोडीचा, या वादातूनच व्होल्टाने १८०० साली जगातली पहिली विद्युत घटमाला तयार केली. तुमच्या हातातल्या बॅटरीची वंशावळ अशी बेडकाच्या तंगडीपर्यंत जाऊन पोहोचते. तेव्हा थोडी परतफेड करायला हरकत नाही.

वेदशाळेतले विद्यार्थी

सुरुवात आपल्या घरापासून करू. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात १०३ वे सूक्त आहे, त्याला मंडूकसूक्त म्हणतात. त्याला तीन हजारांहून अधिक वर्षे झाली असावीत. ऋचा अवघ्या दहा, पण त्या रचणाऱ्याने डबक्याच्या काठी बराच वेळ बसून काढला असला पाहिजे यात मला तरी शंका वाटत नाही. वर्षभर व्रतस्थ ब्राह्मणांसारखे मौन धरून पडलेले बेडूक पर्जन्याने प्रेरणा देताच बोलू लागतात, असे तो म्हणतो. सुकलेल्या चामड्याच्या पिशवीसारखे ते पडले होते, पाणी अंगावर आले आणि जागे झाले. एकाचा आवाज गाईसारखा, दुसऱ्याचा बोकडासारखा. एक ठिपकेदार, दुसरा ‘हरित’. नाव सगळ्यांचे एकच, पण रूपे आणि आवाज वेगवेगळे, हेसुद्धा तो मुद्दाम सांगतो. आज आपण म्हणतो, प्रत्येक जातीच्या बेडकाची साद निराळी असते. तेच हे निरीक्षण!

‘हरित’ या शब्दाने मला बरेच दिवस कोड्यात टाकले होते. वेदकाळी हा शब्द हिरव्याप्रमाणेच पिवळसर रंगालाही चालत असे. आपल्याकडचा जो मोठा बेडूक शेतात दिसतो, त्याचा नर एरवी मळकट हिरवा-तपकिरी असतो; पण पहिल्या पावसात तो हळदीसारखा पिवळाधमक होतो आणि त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. ऋषीने पाहिला तो हाच, असे सिद्ध करता येणार नाही. माझा आपला एक तर्क.

या सूक्तातली सर्वांत गमतीची उपमा मात्र पुढेच आहे. एक बेडूक दुसऱ्याचे बोलणे असे उचलतो, की जसा शिष्य गुरूच्या मागून पाठ म्हणतो. वाचून हसू येते, पण जरा थांबा. दोन नर जवळजवळ बसले असतील तर ते एकाच क्षणी ओरडत नाहीत, एक थांबला की दुसरा बोलतो. जपानमधल्या झाडबेडकांवर शास्त्रज्ञांनी ध्वनिमुद्रणे करून हे मोजून दाखवले आहे. दोन झोके असे बांधावेत की एक पुढे जाताना दुसऱ्याने मागे यावे, तशी त्या दोन आवाजांची गती असते. भौतिकशास्त्रात याला विरुद्ध कलेतील दोलने म्हणतात. यात बेडकाचा फायदा उघड आहे. ओरडतो तो फक्त नर, मादीला बोलावण्यासाठी. दोघांचे आवाज एकमेकांत मिसळले तर मादीला कोण कुठे बसला आहे हे कळणार कसे? म्हणून पाठ एकामागून एक.

एवढ्याशा देहातून एवढा आवाज निघतो कसा, हेही पाहून ठेवा. बेडूक ओरडताना तोंड उघडत नाही. तोंड आणि नाकपुड्या बंद करून तो फुप्फुसातली हवा स्वरयंत्रातून गळ्याच्या पिशवीत ढकलतो. पिशवी फुगते, तिच्या ताणाने हवा परत फुप्फुसात येते, आणि तीच हवा पुन्हा वापरली जाते. शिवाय त्या फुगलेल्या पातळ कातडीची कंपने आवाज हवेत पसरवतात. तंबोऱ्याची नुसती तार छेडली तर आवाज किती बारीक येईल? भोपळा आहे म्हणून तो मैफिलीत ऐकू येतो. बेडकाने आपला भोपळा गळ्यातच बांधला आहे.

हे सूक्त नेमके कशासाठी रचले, यावर पंडितांत एकमत नाही. माक्स म्युलरला ती पुरोहितांची थट्टा वाटली. आपल्याकडचा प्राचीन निरुक्तकार यास्क मात्र वेगळे सांगतो. वसिष्ठाने पावसासाठी पर्जन्याची स्तुती केली, बेडकांनी त्याला दुजोरा दिला, म्हणून त्याने प्रसन्न होऊन बेडकांचीही स्तुती केली. म्हणजे यास्काच्या मते बेडूक हे पावसाच्या यज्ञातले सहपुरोहित!

घंटा आणि गाडी

पाऊस लांबला की महाराष्ट्रातल्या काही खेड्यांत मुले धोंडी काढतात, ती तुमच्यापैकी कोणी पाहिली असेल. एखाद्या मुलाच्या अंगाला कडुनिंबाचे डहाळे बांधतात, कोठे काठीला किंवा मुसळाला बेडूक बांधतात, आणि गाणे म्हणत घरोघर फिरतात. घरातली बाई त्यांच्यावर तांब्याभर पाणी ओतते, पसाभर धान्य देते. आसामात बेडकांचे चक्क लग्न लावतात. त्याला तिकडे ‘भेकुली बिया’ म्हणतात. भोपाळ शहरात २०१९ सालच्या जुलै महिन्यात पावसासाठी मातीच्या बेडूक-बेडकीचे लग्न लावले, आणि मग पाऊस थांबेचना म्हणून सप्टेंबरात त्यांचा घटस्फोटही केला! ही बातमी तेव्हा देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत छापून आली.

आता पृथ्वीच्या थेट दुसऱ्या बाजूला चला. मेक्सिकोच्या युकातान भागात माया लोक राहतात. त्यांचा पर्जन्यदेव चाक. पाऊस मागण्यासाठी ते जो विधी करतात त्यात वेदीच्या चार कोपऱ्यांशी चार मुलांना बसवतात, आणि ती मुले बेडकासारखी ओरडतात. वसिष्ठाचे नाव त्यांनी ऐकलेले नाही, आपल्या धोंडीचे तर नाहीच. तरी दोन्हीकडे पाऊस, बेडूक आणि लहान मुले यांची सांगड सारखीच. ही कल्पना कोणी कोणाकडून घेतली असे म्हणावे तर मध्ये महासागर पडला आहे. दोन्ही ठिकाणी घेतली ती डबक्याकडून.

पण गफलत कोठे झाली ते पाहा. पूर्वी लहान स्टेशनांत गाडी येण्याआधी घंटा देत. घंटा झाली की थोड्या वेळाने गाडी दिसे. एखाद्या पोराला वाटले, घंटेमुळे गाडी येते, आणि त्याने जाऊन घंटा बडवली, तर गाडी येईल का? स्टेशनमास्तर तेवढे येतील! दोन गोष्टी नेहमी पाठोपाठ घडल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण असतेच असे नाही. दोहोंचे कारण तिसरेच कुठेतरी असू शकते. बेडूक आणि पाऊस या दोघांना घेऊन येतो तो समुद्रावरून येणारा बाष्पभरला वारा. हवेतला दमटपणा वाढला, तापमान उतरले, एखादी हलकी सर पडून गेली, की बेडूक बोलू लागतात आणि बहुधा मोठा पाऊस मागाहून येतो. पाहणाऱ्याला वाटते, यांनी बोलावला म्हणून आला.

जर्मनीत याच समजुतीचा एक घरगुती अवतार होता. लोक काचेच्या बरणीत थोडे पाणी आणि एक छोटी शिडी ठेवून तीत हिरवा झाडबेडूक पाळत. तो शिडीवर चढला तर ऊन, खाली पाण्यात राहिला तर पाऊस! मुळात निरीक्षण अगदीच खोटे नव्हते. उघड्यावर, उबदार कोरड्या हवेत किडे उंच उडतात आणि त्यांच्यामागे झाडबेडूकही वरच्या फांद्यांवर जातो. पण बरणीत किडे कुठले? बिचारा बेडूक आपल्या मर्जीने चढे-उतरे, आणि घरमालक छत्री घ्यायची की नाही ते ठरवी. जर्मन भाषेत हवामानाचा अंदाज सांगणाऱ्याला गमतीने अजूनही ‘हवेचा बेडूक’ म्हणतात.

मेलेला बेडूक जिवंत होतो

पहिला प्रश्न मात्र अजून तसाच आहे. एका रात्रीत बेडूक आले कुठून? जुन्या लोकांचे सरळ उत्तर असे, की ते मातीचेच झाले. वाचस्पतिमिश्र या थोर पंडिताने योगसूत्रांवरील आपल्या टीकेत हा दाखला दिला आहे. पावसाळा सरला की बेडकाचे शरीर माती होऊन जाते आणि पुढच्या पावसाच्या धारा पडल्या की तेच पुन्हा बेडकाचे शरीर होते. तत्त्वज्ञानातला एक कठीण मुद्दा समजावण्यासाठी त्याने हा दृष्टांत वापरला, त्याअर्थी ऐकणाऱ्याला तो सहज पटत असणार.

नाईल नदीच्या काठी प्राचीन इजिप्तच्या लोकांनाही असेच वाटे. दरवर्षी उन्हाळ्यात नाईलला पूर येई, पूर ओसरला की काळ्या गाळात लक्षावधी बेडूक दिसत. त्यांनी बेडकाच्या तोंडाची एक देवीच मानली. तिचे नाव हेकेट, ती बाळंतिणींची रक्षणकर्ती. तिचा जोडीदार खनूम हा कुंभाराच्या चाकावर माणसे घडवी आणि हेकेट त्यांत प्राण घाली. स्त्रिया बेडकाच्या आकाराचे ताईत बाळगत. त्यांच्या चित्रलिपीत एक लाख या संख्येचे चिन्ह काय होते ठाऊक आहे? बेडकाचे पिल्लू, शेपटीवाले! एकेक मादी हजारांनी अंडी घालते आणि उथळ पाण्यात पिल्ले नुसती वळवळत असतात. ती मोजायला बसलेल्या माणसाला याहून चांगले चिन्ह सुचले नसते. आस्वानचे मोठे धरण १९७० साली पुरे झाले आणि नाईलचा तो वार्षिक पूर थांबला. हेकेटची मंदिरे तर त्याच्या कितीतरी आधी ओस पडली होती.

खरे काय घडते? उन्हाळ्यात पुष्कळ बेडूक जमिनीत शिरून निपचित पडतात. श्वास मंद, हालचाल नाही, अन्न नाही. याला ग्रीष्मनिद्रा म्हणतात. बेडकाची कातडी पातळ आणि ओली असते. तिच्यातून तो पाणी घेतो, थोडा श्वासही घेतो, आणि त्याच कातडीतून त्याचे पाणी उडूनही जाते. कोरड्या हवेत उघड्यावर राहिला तर तो वाळून मरेल. म्हणून जमिनीचा आसरा.

ऑस्ट्रेलियात एक बेडूक आहे, तो तर पाण्याचा रांजणच. पावसात तो भरपूर पाणी शोषून मूत्राशयात आणि कातडीखाली साठवतो, जमिनीत उतरतो आणि स्वतःच्या सुटलेल्या कातडीचे वेष्टण अंगाभोवती करून पुढच्या पावसाची वाट पाहतो; ती वाट कधी कधी काही वर्षांची असते. तिथल्या वाळवंटातले आदिवासी तहानेच्या वेळी हे बेडूक नेमके शोधून, उकरून काढीत आणि दाबून त्यांचे पाणी पीत. याच खंडाच्या आग्नेय भागातल्या गुनाईकुर्नाई लोकांची गोष्ट आहे टिडालिक नावाच्या अजस्र बेडकाची. त्याला एकदा अशी तहान लागली की त्याने नद्या, तळी, डबकी सगळी पिऊन टाकली. झाडे सुकली, जनावरे मरू लागली. तेव्हा प्राण्यांनी ठरवले की याला हसवायचे, म्हणजे पाणी बाहेर येईल. एकेकाने कसरती केल्या, टिडालिक ढिम्म. शेवटी वाम मासा शेपटीवर उभा राहून असा काही वेडावाकडा नाचला की टिडालिकला हसू आवरेना, आणि सगळे पाणी धो धो बाहेर आले. या गोष्टीचे मूळ त्या पाणी साठवणाऱ्या बेडकात आहे असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. मला ते तितकेसे पटत नाही. तो बेडूक आतल्या कोरड्या मुलखातला आणि ही माणसे किनाऱ्याजवळच्या ओल्या प्रदेशातली. पण पाणी पिऊन फुगलेला बेडूक पाहायला वाळवंटात जावे लागत नाही, हेही खरे.

जमिनीखाली दोन-तीन फूट पुरलेल्या बेडकाला वर पाऊस पडला हे कळते कसे? ओल तिथवर झिरपायला वेळ लागतो, आणि तो तर त्याच रात्री हजर! अमेरिकेच्या वाळवंटात ‘कुदळपाया’ म्हणावा असा एक भेक आहे; मागच्या पायाच्या कडक कडेने तो माती उकरतो आणि वर्षातले आठ-दहा महिने खाली काढतो. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत शास्त्रज्ञांनी अशा भेकांच्या जमिनीवर पाण्याचा थेंबही न टाकता विजेची मोटर थरथरत ठेवली, आणि भेक वर आले. म्हणजे त्यांना जागे करतो तो पावसाचा आणि मेघगर्जनेचा खर्जातला कंप. आता मला सांगा, पावसासाठी ढोल बडवत निघालेल्या मिरवणुकीने पाऊस येत नसेल, पण एखादा बेडूक फसून वर येत असेल की नाही? आला की लोक म्हणणार, पाहा, गुण आला! अर्थात हा माझा विनोद, प्रयोग कोणी केलेला नाही.

वर आल्यावर त्यांना घाई किती असते ते तर पाहा. डबके आटायच्या आत अंडी घालायची, अंड्यांतून पिल्ले आणि पिल्लांचे बेडूक व्हायचे. यांच्यातल्या काही जाती हे सारे आठ-दहा दिवसांत उरकतात.

आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला याहून नवल आहे. केरळ-तामिळनाडूच्या डोंगरांत एक गुबगुबीत, जांभळट, टोकदार नाकाचा बेडूक वर्षभर जमिनीखाली राहून वाळवी खातो आणि पावसाळ्याच्या तोंडी जेमतेम काही दिवस अंडी घालायला वर येतो. शास्त्राला तो पूर्णपणे ओळखू आला २००३ साली, जेव्हा बिजू आणि बॉस्यू या दोघांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. डोंगरातल्या लोकांना मात्र तो आधीपासून माहीत होता. केरळात त्याला महाबळीचा बेडूक म्हणतात. वामनाने पाताळात घातलेला बळीराजा वर्षातून एकदाच, ओणमच्या सणाला, आपल्या प्रजेला भेटायला वर येतो, तसाच हाही. नाव ठेवणाऱ्याने किती नेमके पाहिले होते!

तळ्यातली राणी

बेडकाचा राजपुत्र होतो ही गोष्ट तुम्हांला ठाऊक असेल. ग्रिम बंधूंच्या जर्मन कथासंग्रहात, १८१२ साली, ती अगदी पहिली छापली आहे. गंमत अशी की त्या मूळ कथेत राजकन्या बेडकाचा मुका वगैरे घेत नाही. ती चिडून त्याला भिंतीवर आपटते, आणि राजपुत्र होतो तो त्या आपटण्याने!

पण महाभारताच्या वनपर्वात याच्या उलट गोष्ट आहे, आणि मला ती जास्त आवडते. अयोध्येच्या इक्ष्वाकू कुळात परिक्षित नावाचा राजा होता. हा अभिमन्यूचा मुलगा नव्हे, दुसरा. तो शिकारीच्या नादात रानात भरकटला आणि एका तळ्याकाठी त्याला गाणे म्हणत फुले वेचणारी एक सुंदर मुलगी दिसली. तिने लग्नाला होकार दिला, पण एक अट घातली, की मला कधी पाणी दाखवायचे नाही. राजाने वचन दिले, तिला नगरात आणले आणि राज्यकारभार विसरून तिच्यापाशीच राहू लागला. प्रधानाने युक्ती केली. एक बिनपाण्याचा म्हणून बगीचा तयार केला, पण त्यात एका बाजूला झाकलेली विहीर ठेवली. हिंडता हिंडता राजा-राणी तिथे पोहोचली. स्वच्छ पाणी पाहून राजाच तिला म्हणाला, उतर. ती उतरली ती पुन्हा वर आलीच नाही. राजाने पाणी उपसायला लावले. तळाशी एका बिळाच्या तोंडाशी काय होते? एक बेडूक!

राजाला वाटले, बेडकांनीच माझी राणी खाल्ली. त्याने आज्ञा सोडली की दिसेल तो बेडूक मारा. ज्याला माझ्याकडे काही मागायचे असेल त्याने मेलेले बेडूक घेऊन यावे. झाले! राज्यभर बेडकांचा संहार सुरू झाला. तेव्हा बेडकांचा राजा आयू तपस्व्याच्या वेषात आला आणि त्याने विनवले की निरपराध जीव मारू नकोस. राजा ऐकेना, तेव्हा आयूने खरे सांगितले: ती माझी मुलगी सुशोभना, तुझ्यासारख्या किती राजांना तिने असेच फसवले आहे. मग त्याने ती राजाच्या स्वाधीन केली आणि हत्या थांबली.

ही गोष्ट वाचताना मला आपल्याच देशातली अलीकडची एक हकीकत आठवते. काही दशके आपण बेडकांच्या तंगड्या परदेशी खाणाऱ्यांसाठी निर्यात करत होतो, दरवर्षी हजारो टन. रात्री गॅसबत्त्या घेऊन माणसे शेतांत उतरत आणि पोती भरून नेत. मरत ते मुख्यतः तेच मोठे पिवळे होणारे बेडूक, शेतातले किडे आणि खेकडे खाऊन जगणारे. परकीय चलन मिळे. पिकांवरच्या किडीचा हिशेब मात्र वेगळ्या वहीत राही. १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली.

चंद्रावरचा भेक

चीनच्या गोष्टींना वेगळा लेख लागेल, म्हणून दोनच. चंद्रावरच्या डागांत आपल्याला ससा दिसतो. चिनी लोकांना ससाही दिसे आणि भेकही. छांगअ नावाची स्त्री अमरत्वाचे औषध पिऊन चंद्रावर पळाली आणि तिथे तिचा भेक झाला, अशी जुनी कथा आहे. १९७२ साली मावांगत्वी येथे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे एका उमराव स्त्रीचे थडगे उकरले गेले. त्यात मिळालेल्या रेशमी पटावर चंद्रकोरीवर बसलेला भेक स्पष्ट रंगवलेला आहे, शेजारी ससाही. चीनच्या चांद्रयानांचे नाव छांगअ, चंद्रावर उतरवलेल्या गाडीचे नाव ‘रत्नससा’. भेकाच्या नावाने मात्र काही सोडल्याचे माझ्या वाचनात नाही!

दुसरी गोष्ट नव्हे, यंत्र आहे. इसवी सन १३२ मध्ये चांग हंग या विद्वानाने भूकंप ओळखणारे एक मोठे कांस्याचे पात्र केले. बाहेरून आठ दिशांना आठ ड्रॅगन, प्रत्येकाच्या तोंडात एक गोळी, आणि खाली तोंड वासून बसलेले आठ भेक. दूर कोठे जमीन हादरली की आतली रचना हलून त्या दिशेच्या ड्रॅगनची गोळी खालच्या भेकाच्या तोंडात खण्णकन पडे. यंत्र आज उरलेले नाही, वर्णन तेवढे आहे. जमिनीचा कंप टिपायला त्याने भेकच का निवडला कोण जाणे. कुदळपाया भेकाचा प्रयोग वाचल्यापासून मला ती निवड फार शोभून दिसते.

आणि कथेत शोभेल असा एक बेडूक भौतिकशास्त्रानेही केला आहे. १९९७ साली नेदरलँड्समधल्या नायमेखन येथे आंद्रे गाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १६ टेस्ला इतक्या प्रचंड चुंबकीय क्षेत्रात एक जिवंत बेडूक अधांतरी तरंगत ठेवला. पाणी चुंबकापासून अगदी किंचित दूर ढकलले जाते आणि बेडूक म्हणजे बहुतेक पाणीच! बेडकाला काही इजा झाली नाही. गाइम यांना यासाठी २००० साली हास्यास्पद संशोधनाचे गमतीचे ‘इग नोबेल’ मिळाले, आणि २०१० साली ग्राफीनसाठी खरे नोबेलही मिळाले.

हात हलवणारा सोनेरी बेडूक

शेवटची गोष्ट मध्य अमेरिकेतल्या पनामा देशाची. तिथल्या डोंगरी ओढ्यांकाठी एक चिमुकला भेक राहत असे, सोन्यासारखा पिवळा, त्यावर काळे ठिपके. प्राचीन काळी तिथल्या लोकांनी बेडकांच्या सोन्याच्या मूर्ती घडवल्या. पुढे लोक म्हणू लागले की हा भेक मेला की सोन्याचा होतो. ज्याला तो दिसला त्याचे नशीब उघडले. हा भेक एक विलक्षण गोष्ट करतो: पुढचा पाय उचलून, माणसाने निरोप देताना हलवावा तसा, हलवतो. त्याचे कारण तुम्ही स्वतःच शोधू शकाल. धबधब्याच्या कडेला उभे राहून मित्राला हाक मारून पाहा. आवाज पाण्याच्या गोंगाटात बुडतो. मग आपण काय करतो? हात हलवतो. सह्याद्रीतल्या खळाळत्या ओढ्यांकाठचे काही छोटे बेडूकही याच कारणासाठी मागचा पाय ताणून बोटांमधला पडदा फडकवतात.

पनामाच्या भेकाला एक सूक्ष्म बुरशी लागली. ‘कायट्रिड’ जातीची ही बुरशी शास्त्रज्ञांच्या लक्षात आली १९९८ साली. ती बेडकाच्या कातडीत वाढते. मघाशी आपण पाहिले की बेडकाची कातडी म्हणजे नुसते पांघरूण नव्हे. पाणी आणि क्षार यांची देवघेव तिच्यातूनच चालते. ती बिघडली की रक्तातल्या क्षारांचा तोल जातो आणि हृदय बंद पडते. बुरशी डोंगर ओलांडत एल वाये या गावाच्या दिशेने येते आहे हे कळल्यावर २००६ साली माणसांनी रानातून भेक गोळा केले. त्यांना ठेवायची इमारत तयार नव्हती म्हणून गावातल्या एका हॉटेलच्या खोल्यांत त्यांना ठेवले. खोल्यांत प्रवासी नाहीत, काचेच्या पेट्यांत बेडूक! त्यांची पैदास तिथे आणि अनेक प्राणिसंग्रहालयांत होत आली आहे. रानात मात्र २००९ नंतर तो खात्रीने दिसल्याची नोंद नाही. सबंध जगातल्या उभयचर प्राण्यांचा जो मोठा आढावा २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यात आठ हजारांवर जाती तपासल्या होत्या. दर शंभरांतल्या सुमारे ४१ जाती धोक्यात आढळल्या.

जपानी भाषेत बेडकाला ‘काएरू’ म्हणतात, आणि ‘परत येणे’ यालाही ‘काएरू’च म्हणतात. म्हणून तिकडचे प्रवासी सुखरूप घरी परतता यावे यासाठी खिशात एक छोटा बेडूक बाळगतात.

आता तुमच्यासाठी एक काम. यंदा एक जुनी वही काढा. पहिला मोठा पाऊस कोणत्या तारखेला पडला, आणि तुमच्या घराजवळ बेडकाचा पहिला आवाज कोणत्या रात्री, किती वाजता ऐकू आला, ते लिहा. निरनिराळे आवाज किती, तेही लिहा: गाईसारखा, बोकडासारखा, टिकटिक करणारा, जसा वाटेल तसा. दोन बेडूक एकमेकांना उत्तर देताना सापडले तर सेकंदकाट्याच्या घड्याळाने एका मिनिटात प्रत्येकाच्या हाका मोजा आणि ते कधी एकदम ओरडतात का, त्याकडे लक्ष ठेवा. बॅटरीचा उजेड त्यांच्यावर पाडू नका, नाहीतर ते गप्प होतील. डबके बुजवले गेले असेल आणि काहीच ऐकू आले नाही, तर तेही तारखेसह लिहा. पुढच्या वर्षी त्याच वहीत पुढच्या पानावर.